रेस कारच्या सस्पेन्शन आर्मचं आर्गन वेल्डिंग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की इंजिनिअरिंगची पोरं नळ्यांचे तुकडे आणि कॅडच्या प्रिंट घेऊन आमच्या शेडवर यायला लागतात. कुणाला बाहाची गाडी घेऊन पीथमपूरला जायचं असतं, कुणाला फॉर्म्युला भारतसाठी कोइंबतूरला; दोन्ही विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धा. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढतो आहे. हे सगळं पातळ स्टीलच्या नळ्यांपासून बनवलेल्या ए-आर्म (चाक चॅसिसला जोडणारा ए-आकाराचा भाग), पुशरॉड (चाकाचा जोर स्प्रिंगकडे नेणारा दांडा) आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) यांच्याबद्दल आहे. ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी, ते इथे घेतलेलं नाही.

आर्गन वेल्डिंग आणि टिग एकच का? मग सीओटूने का करायचं नाही?

एकच. शेडमध्ये आर्गन म्हणतात, पुस्तकात टिग. टंगस्टनची न वितळणारी सुई आणि धातू यांच्यामध्ये आर्क पेटतो, आर्गन वायू त्या जागेवरची हवा दूर ठेवतो आणि भराव दुसऱ्या हाताने तारेचा घालायचा. ही पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या विमान कारखान्यात मॅग्नेशियम जोडण्यासाठी पुढे आली. तेव्हा आर्गनऐवजी हेलियम वापरत.

सीओटूने, म्हणजे मशीनमधून आपोआप तार येणाऱ्या वेल्डिंगने, आर्म होतच नाहीत असं नाही, चांगल्या हाताने होतात. पण त्यात मशीनचा खटका दाबल्याबरोबर तार पडायला लागते, खालचा धातू वितळलेला असो वा नसो. त्यामुळे सुरुवातीचे काही मिलिमीटर वरून भरलेले दिसतात आणि आत चिकटलेले नसतात. छोट्या नळीभोवतीचा सांधा तीन-चार तुकड्यांत होतो, म्हणजे अशा तीन-चार सुरुवाती. टिगमध्ये आधी दोन्ही कडा वितळून एक झालेल्या डोळ्यांनी दिसतात, मगच तार घालायची. सस्पेन्शनसाठी मला टिग हवं असतं ते याच कारणासाठी. टिग हळू चालतं, त्यामुळे आजूबाजूला उष्णता जास्त जाते, हा त्याचा तोटा आहे आणि त्याबद्दल पुढे येईल.

४१३० क्रोमोलीच घ्यायला हवं का? आर्म जास्त ताठ होतो ना?

होत नाही. हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकला आहे की इथे जरा थांबतो. स्टील कुठलंही घ्या, साधं किंवा क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं, ४१३० ही त्याची एक प्रत), त्याचा ताठपणा म्हणजे यंगचा गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो आणि घनताही जवळपास तीच, घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. क्रोमोलीत फरक असतो तो कायमचं वाकण्याआधी किती ताण सोसेल याचा.

ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवा. २५.४ मिमी व्यासाची १.६ मिमी जाडीची नळी आणि १९ मिमी व्यासाची २.३ मिमी जाडीची नळी वजनाला जवळजवळ सारख्याच भरतात. पण पहिली वाकवायला दुसरीपेक्षा दुप्पट जोर लागतो. लांब बारीक आर्म ब्रेक मारताना दाबाखाली बाकदार होऊन जातो तेव्हाही हाच हिशोब लागतो, तिथे स्टीलची प्रत जवळपास कामाला येत नाही.

तरीही ४१३० घेण्यात अर्थ आहे, कारण खड्डा किंवा ट्रॅकवरचा प्लास्टिकचा कोन लागल्यावर आर्म वाकून बसत नाही आणि जाडी थोडी कमी करता येते. त्यात कार्बन ०.२८ ते ०.३३ टक्के, क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असतं. सीमलेस (बिनजोड) आणि नॉर्मलाइझ केलेली (तापवून हवेत थंड केलेली) नळी मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्टिफिकेट नसलेल्या क्रोमोलीपेक्षा खात्रीची एसटी ५२ (साध्या स्टीलची एक प्रत) नळी मी केव्हाही पसंत करीन. वेल्डिंगलाही ती जास्त सोशिक असते.

४१३० ला ४१३० चीच फिलर वायर नको का?

नको, निदान तुमच्या कामाला नको. ती वायर वापरली तर सांधा थंड झाल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. पूर्ण आर्मला नंतर भट्टीत हीट ट्रीटमेंट देणार असाल तरच ती घ्यायची. पातळ नळ्यांसाठी ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२ घ्या. ७० म्हणजे वेल्ड झालेल्या धातूची ताकद दर चौरस इंचाला किमान ७०,००० पौंड, साधारण ४८० मेगापास्कल. ८० म्हणजे ५५० च्या पुढे. आकडा नळीपेक्षा कमी दिसतो म्हणून पोरं घाबरतात. पण सांध्यात वायर एकटी नसते, नळीचाही धातू वितळून तिच्यात मिसळतो आणि ताकद वर जाते. वायर जरा मऊ असल्यामुळे सांधा ताणला जातो आणि तडकत नाही. मी स्वतः १.६ मिमीची एस-२ वापरतो.

पावसाळ्यात वायर उघडी ठेवू नका. दोन्ही टोकांना बूच असलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये ठेवली की जुलैतही गंजत नाही.

मशीनचं सेटिंग सांगा ना.

स्टीलला डीसी, टॉर्च (टंगस्टन धरणारं हत्यार) निगेटिव्हला. अंदाज असा की एक मिलिमीटर जाडीला ४० अँपिअर, म्हणजे १.६ मिमी नळीला ६०-६५. नळी जाड लगला (बोल्टचं भोक असलेल्या पट्टीच्या कानाला) जोडायची असेल तर थोडा करंट वाढवा आणि आर्कचं तोंड लगकडे ठेवा. टंगस्टन १.६ मिमीचं पुरतं, निळ्या टोकाचं लँथनमवालं घ्या. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किंचित किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ छातीत जाते. टोक पेन्सिलीसारखं करा आणि घासल्याचे ओरखडे लांबीच्या दिशेने येऊ द्या. आर्क टंगस्टनच्या जाडीइतकाच, दीड-दोन मिलिमीटर ठेवायचा.

गॅस मिनिटाला ७ ते १० लिटर. जास्त सोडला की जास्त संरक्षण, असं नसतं. प्रवाह खळाळायला लागला की तो बाहेरची हवा आत ओढतो. गॅस लेन्स (प्रवाह शांत करणारी टॉर्चमधली जाळी) लावता आली तर लावा. पंखा बंद करा, शटर ओढून घ्या.

स्वस्त मशीनला पायाचं पॅडल नसतं. मग डाउनस्लोप, म्हणजे शेवटी करंट हळूहळू उतरवणारी सोय, लावाच, नाहीतर शेवटी करंट एकदम तुटतो, मध्ये खळगा पडतो आणि त्या खळग्यात चांदणीसारखा बारीक तडा जातो. आर्क विझल्यावरही टॉर्च जागेवरून हलवायची नाही, सहा-सात सेकंद गॅस चालू द्यायचा. टंगस्टन घासून आर्क पेटवायचं मशीन असेल तर सस्पेन्शनला वापरू नका, टंगस्टनचे कण सांध्यात राहतात.

नळीचं तोंड किती बरोबर बसलं पाहिजे?

तुमचा निम्मा वेळ इथे जायला हवा. एक नळी दुसरीच्या अंगावर बसते तिथे पहिलीचं तोंड माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं. होल सॉच्या नॉचरने कोरा किंवा कॅडमधून कागदी साचा काढून नळीवर गुंडाळा, खूण करा आणि ग्राइंडरने जवळ आणा. शेवटचा हात मात्र अर्धगोल कानशीचाच. बसवून नळीच्या आत मोबाइलचा टॉर्च लावा. सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसली तर परत कानस.

एवढा हट्ट का, ते सांगतो. फट असली की ती भरायला जास्त तार लागते, जास्त तारेला जास्त उष्णता, आणि जास्त धातू थंड होताना जास्त आक्रसतो. म्हणजे आर्म वाकडा व्हायची सुरुवात कानशीपाशीच झालेली असते. शिवाय पातळ कडेवर आर्क गेला की भोक पडतं, भोक बुजवायला पुन्हा तार, आणि तो भाग तीनदा भाजून निघतो. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वाईट सांध्याच्या मुळाशी फट निघते. पोरं मात्र विचारतात, अँपिअर चुकला का?

साफसफाई कशी करायची?

सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान २५ मिमी, बाहेरून आणि आतूनही, चकचकीत धातू दिसेपर्यंत. काळी पापडी, गंज, होल सॉचं तेल सगळं गेलं पाहिजे. मग ॲसिटोनने पुसा, तारही पुसा आणि ॲसिटोन उडून जाऊ द्या. हातमोजेही स्वच्छ असू द्या.

ब्रेक क्लीनरने पुसू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात आणि आर्कच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्यांचा फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडलेला तो हाच वायू. तो छातीत गेला तर त्रास कित्येक तासांनी जाणवतो, तोवर उशीर झालेला असतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचत बसण्यापेक्षा तो डबा वेल्डिंगच्या शेडमध्ये आणूच नका.

जिग (नळ्या जागेवर धरून ठेवणारा साचा) नसेल तर चालेल का? एकच तर गाडी बनवायची आहे.

एक गाडी म्हणजे किमान आठ आर्म, शिवाय सुटे. चालणार नाही. वेल्ड थंड होताना ओढतो, आणि ज्या बाजूला आधी बीड (वेल्डची रेघ) टाकली त्या बाजूला नळी झुकते. डोळ्यांना कळत नाही, पण डावा आर्म उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर लांब निघाला की अलाइनमेंटच्या दिवशी रात्र होते.

जाड प्लेटवर, १० मिमी तरी हवी, बुशच्या जागी पिना उभ्या करा. पिनांची भोकं एकाच सेटिंगमध्ये मिलिंगवर पाडून घ्या. नळ्या अशा धरा की टॉर्च सांध्याच्या शक्य तितक्या बाजूंना पोचेल. प्रत्येक सांध्याला समोरासमोर चार टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा आणि सगळ्या सांध्यांना टॅक लागल्यावर एकदा जिगमधून काढून परत घालून बघा. पिना सहज गेल्या तर पुढे जा. मग एका सांध्याचा चतुर्थांश, दुसऱ्या टोकाच्या सांध्याचा चतुर्थांश, परत पहिल्याची समोरची बाजू, असं फिरत राहायचं. सांधा गरम असताना जिगमधून काढायचा नाही. हात लावता येईल इतका थंड होऊ द्या.

बेअरिंगचा कप वेल्ड केल्यावर बेअरिंग आत जातच नाही. काय चुकलं?

माझंही एकदा असंच झालं होतं. स्फेरिकल बेअरिंगसाठी (आतला गोळा सगळीकडे वळतो ते) लेथवर सुरेख बोअर केलेला कप मी मोकळाच वेल्ड केला. थंड झाल्यावर तो एका अक्षावर आक्रसून लंबगोल झाला. घाईत मी तो पॉलिश पेपरने घासून बेअरिंग बसवलं आणि पहिल्याच टेस्टिंगला ते खुळखुळायला लागलं. चार कप परत करावे लागले. त्यानंतर दोनच रस्ते वापरतो: कपाच्या बोअरमध्ये अर्धा मिलिमीटर माल ठेवायचा आणि वेल्डनंतर फायनल बोअर घ्यायचं; किंवा आत घट्ट बसणारा ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा ठोकळा घालून वेल्ड करायचं, म्हणजे तो उष्णताही शोषतो आणि आकारही धरतो.

खरं बेअरिंग आत ठेवून कधीच वेल्ड करू नका. त्याच्या आतलं टेफ्लॉनचं अस्तर जळतं आणि त्या धुराने माणूस आजारी पडतो.

रॉड एंडचा (टोकाला वळणारा गोळा असलेल्या बोल्टचा) थ्रेड असलेला बुश नळीत कसा बसवायचा?

बुशाचा खांदा नळीच्या तोंडावर टेकला पाहिजे आणि शेपूट नळीत निदान नळीच्या व्यासाइतकी आत गेली पाहिजे. शेपूट हाताने दाबून बसेल अशी, ढिली नको. नळीला बाजूने दोन भोकं समोरासमोर पाडून तिथेही भरून वेल्ड करा, पण ती भोकं एकाच रेषेत न ठेवता जरा पुढेमागे घ्या. वेल्ड करताना थ्रेडमध्ये जुना बोल्ट फिरवून ठेवा आणि नंतर टॅप मारून घ्या. एका टोकाला उजवा, दुसऱ्याला डावा थ्रेड. डाव्या थ्रेडच्या बुशावर लेथवरच एक खाच पाडून ठेवा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

जाता जाता डिझाइनबद्दलही बोलतो, कारण वेल्डिंगने त्याची भरपाई होत नाही. रॉड एंड ओढ आणि दाब सोसायला बनवलेला असतो. ए-आर्मच्या बाहेरच्या टोकाला तो लावला की ब्रेक मारताना त्याच्या थ्रेडच्या मुळाशी वाक येतो आणि तो तिथेच तुटतो. तिथे कपातलं स्फेरिकल बेअरिंग घ्या, आणि दोन्ही बाजूंनी लग असलेली बैठक.

शेवटचा टॅक बुजवताना धातू फटकन बाहेर उडतो, का?

नळी दोन्हीकडून बंद झाली आहे आणि आतली हवा तापून फुगते आहे. कुठेतरी दोन-तीन मिलिमीटरचं भोक आधीच पाडून ठेवा, कमी ताणाच्या जागी, सांध्यापासून दूर. सगळं झाल्यावर आत थोडं तेल सोडून भोक बुजवा. ४१३० साठी त्याच भोकातून हलकासा आर्गन आत सोडता आला तर सांध्याची आतली बाजूही स्वच्छ निघते. साध्या स्टीलला त्याची फारशी गरज लागत नाही.

प्रीहीट करायचं का? आणि वेल्ड झाल्यावर पाण्यात बुडवलं तर लवकर होईल ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. ओल्या फडक्याने पुसायचंही नाही आणि हवेची नळीही मारायची नाही. ४१३० एकदम थंड झालं की वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते. त्यात ग्रीस किंवा ओलाव्यातून हायड्रोजन गेला असेल तर तडा लगेच दिसत नाही, दोन दिवसांनीही पडतो. म्हणून आम्ही तपासणी ४८ तासांनी करतो.

तीन मिलिमीटरपेक्षा पातळ नळीला वेगळं प्रीहीट सहसा लागत नाही. पण जानेवारीच्या सकाळी शेडमध्ये धातू गारठलेला असतो, तेव्हा हीट गनने कोमट करून ओल घालवतो. जाड लग असेल, पाच-सहा मिलिमीटरचा, तर लगच १५० अंशांच्या आसपास तापवून घेतो. नंतर गॅसच्या ज्वालेने सांधा लाल करून 'ताण काढणं' मी करत नाही. भट्टीत संपूर्ण आर्म ६०० अंशांच्या जरा पुढे नेऊन सावकाश थंड करता आला तर उत्तम, पण हातातल्या ज्वालेने एक भाग नरम होतो आणि त्याच्या शेजारचा नवा कडक होतो.

मजबुतीसाठी सांध्यात जास्त गसेट लावू का?

गसेट म्हणजे सांध्याच्या कोपऱ्यात जोडलेली आधाराची पट्टी. विचार करून लावा. गेल्या काही वर्षांत हातात आलेले तुटके आर्म आठवतो, तर बीड मधोमध फाटलेला क्वचितच बघितला. तुटतं ते बीडच्या काठाला लागून, आणि बहुतेक वेळा जिथे जाड गसेट अचानक संपतो तिथे. एका टीमचा आर्म आला होता, बीड अगदी नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखी देखणी. लगचा सरळ कापलेला कोपरा नळीवर जिथे संपत होता, नेमक्या त्या रेषेवर नळी वेगळी झाली होती. ताठ भाग एकदम संपला की सगळा वाक त्या रेषेवर येतो, आणि तीच रेष उष्णतेने आधीच बदललेली असते.

म्हणून गसेट पातळ ठेवा, नळीइतकाच किंवा त्याहून कमी जाड. टोकं निमुळती करा, आणि ज्या बाजूला नळी ताणली जाते तिथे आडवी वेल्ड टाकू नका. गसेटच्या अगदी टोकावर आर्क सुरू किंवा बंद करू नका, टोकाला वळसा घालून पुढे जा.

१९९४ साली इटलीतल्या इमोलाला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेनाची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा स्टीअरिंग कॉलम तुटलेला सापडला. जागा हवी म्हणून तो कापून मध्ये कमी व्यासाची नळी वेल्ड केलेली होती आणि तुटलेल्या ठिकाणी धातूच्या थकव्याच्या खुणा होत्या. कॉलम आधी तुटला की धडकेने, यावर इटलीच्या न्यायालयांत कित्येक वर्षं वाद चालला. मी त्या वादात पडत नाही. पण व्यास बदलतो त्या जागेकडे पोरांनी भिंगातून बघावं, म्हणून हे चित्र मी त्यांना दाखवतो.

बीड छान दिसते आहे. मग सांधा चांगला ना?

दिसण्यावरून अर्धं कळतं. काठाला खाच नाही, भोकं नाहीत, शेवटचा खळगा भरलेला आहे, बीड दोन्ही नळ्यांवर सारखी चढली आहे, हे डोळ्यांनी बघा. मुळापर्यंत वितळलं का, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी त्याच दिवशी त्याच सेटिंगवर एक नमुना सांधा करून तो उभा कापायचा, बारीक पेपरने घासायचा आणि स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड घालून त्याने पुसायचा. वेल्ड आणि त्याच्या शेजारची बदललेली पट्टी दोन्ही वेगळ्या रंगाची उठून दिसतात. ॲसिडचं काम कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्येच करा.

तयार आर्मवर डाय पेनिट्रंट मारा. स्वच्छ करा, लाल डाय फवारून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, फडक्याने पुसून काढा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. तीन डब्यांचा संच असतो, एका सीझनला पुरतो. बीड ग्राइंडरने सपाट करून हे करू नका. घासल्याने धातूही जातो आणि तड्याचं तोंडही लिंपलं जातं.

तडा सापडला तर घासून परत वेल्ड करू?

आर्म असेल तर फेकून नवा करा. नळी स्वस्त आहे.

८.८ चा बोल्ट लगला टॅक करून ठेवला तर सोपं पडेल.

पडेल, पण त्या बोल्टची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते आणि वेल्डने ती जाते. त्यावर झिंक चढवलेलं असेल तर धूरही वाईट. फोर्ज्ड नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि स्टीअरिंग आर्मलाही वेल्ड नको.

आर्मला क्रोम करू की पावडर कोटिंग?

क्रोम अजिबात नको. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या फॉर्म्युला ३ च्या नियमांत स्टीलच्या सस्पेन्शनला क्रोम प्लेटिंगची बंदी आहे ती उगीच नाही. पावडर कोटिंगची भट्टी २०० अंशांच्या आसपास असते, त्याने नळीला काही होत नाही, पण ते चिवट असतं, खाली तडा गेला तरी वरून अखंड दिसतं. आम्ही फिकट राखाडी रंगाचा पातळ हात मारतो. तडा गेला की त्यावर गंजाची तांबूस रेघ आपोआप दिसते.

किती सराव झाला की खऱ्या आर्मला हात लावू?

बाहाच्या नियमांत वेल्डरने रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याच्या) नळीचे दोन नमुने करून द्यायचे असतात. एक ओढून किंवा वाकवून तोडायचा, दुसरा उभा कापून आतून बघायचा. मी आर्मसाठीही तेच मागतो. उरलेल्या नळीचे तुकडे नॉच करा, नव्वद आणि तीस अंशांत जोडा. तीस अंशांच्या आतल्या कोपऱ्यात टॉर्च शिरत नाही, टंगस्टन लांब काढावं लागतं, तिथेच खरा हात कळतो. सांधा व्हाइसमध्ये धरा आणि लांब पाइप घालून वाकवा. नळी चेपली, वाकली आणि सांधा तसाच राहिला, तर तो पास. सांधा उघडला, तर आत बघा कुठे चमकदार, न वितळलेली कड राहिली आहे, आणि तुकड्यावर मार्करने तारीख व अँपिअर लिहून ठेवा. ओळीने पाच पास झाले की जिगवर या. येताना ते पाचही तुकडे घेऊन या, मला बघायचे असतात.